टाळूतली फट

९ जून २०२५, अमरावती

अनुपने आज माझ्या टेबलावर दोन कवळ्या ठेवल्या. म्हणाला, "यातली एक ठेवायची आहे. कुठली ते तू सांग." मी दोन्ही उजेडात धरून पाहिल्या. मग कळलं, तो कवळ्यांबद्दल बोलत नव्हता.

एक त्याच्या अकोल्याच्या दवाखान्यात नव्या यंत्रावर झालेली. दुसरी इथे, मागच्या खोलीत, सहदेवने हाताने केलेली. दोन गावांत दोन पद्धती त्याला नको आहेत. दोन महिन्यांत मी अहवाल द्यायचा. यंत्र सरस ठरलं तर मागची खोली बंद. सहदेव त्या खोलीत सव्वीस वर्षं आहे, अनुपच्या वडिलांच्या वेळेपासून.

अनुप डेंटल कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढे. मी पुण्याहून इथे येऊन तीन महिने झाले. कवळ्या हा माझा विषय, म्हणून बोलावलं. माणूस पाहायचा नाही, काम पाहायचं, असं ठरवलं आहे. म्हणून ही वही.

१२ जून

दिवसभर मागच्या खोलीत बसले. मेणाची कवळी प्लास्टरमध्ये पुरून सहदेव ती पितळी फ्लास्कमध्ये, म्हणजे दोन भागांच्या डबीत, बंद करतो. उकळत्या पाण्याने मेण काढून टाकतो. राहिलेल्या पोकळीत ॲक्रिलिकचं गुलाबी पीठ भरतो. पीठ बोटाला चिकटायचं थांबेपर्यंत भरत नाही. दाबतो, उघडतो, बाहेर आलेलं कापतो, पुन्हा दाबतो. मग रात्रभर चौऱ्याहत्तर अंशांच्या पाण्यात. सकाळी टाकी बंद करतो, पण फ्लास्क त्याच पाण्यात ठेवतो. पाण्यात हात बुडवून पाहतो. हात निवांत राहिला तरच उघडतो.

"उकळून घेतलं तर दीड तासात होतं की," मी म्हटलं.

"होते ना. गरम तवा पाण्यात टाकला तरी थंडा होते, मॅडम. मंग त्याच्यावर पोळी टाकून पाहा."

"म्हणजे?"

"म्हणजे वाकते. हे थंड व्हाले वेळ मागते. घाई केली का टाळू मधातून उचलते. मंग पेशंट म्हणते, कवळी नाचते."

पुस्तकात हेच आहे, तीन पानांत.

सहदेवचं बोलणं लिहायला मजा येते. मले, तुमाले, काहून. ते तसंच ठेवणार आहे. पण गालात सदैव काहीतरी धरलेलं असतं, तंबाखू-सुपारीचा खर्रा असणार, इथे सगळेच खातात. त्यामुळे काही अक्षरं फुटतात. ती लिहिताना सरळ करून घेते.

सकाळी आला की "दंडवत, मॅडम" म्हणतो. नमस्कार नाही, दंडवत. जुन्या वळणाचा माणूस.

१९ जून

मोजमाप सुरू. शिजून निघालेली कवळी पुन्हा तिच्या साच्यावर बसवायची आणि टाळूच्या मागच्या कडेला, मधोमध, किती फट राहते ते पाहायचं. ॲक्रिलिक घट्ट होताना आक्रसतं; ते जिथे उचललं जातं ती ही जागा. तिथून हवा शिरली की कवळी सुटते.

मला हवं ते मोजमापाचं यंत्र इथे नाही. सहदेवने ड्रॉवरमधून मोटरसायकलच्या प्लगची फट मोजायच्या पोलादी पट्ट्या काढून दिल्या. त्याच्याच. सव्वीस वर्षं तो प्रत्येक कवळी त्यांनी मोजत आला आहे. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सहदेवच्या बारा कवळ्या: सरासरी फट ०.१६ मिलिमीटर. यंत्राच्या बारा: ०.१२. मुद्दाम उकळून, गार पाण्यात टाकून केलेल्या चार: ०.४१.

यंत्र बंद साच्यात पीठ दाबून भरतं आणि ते घट्ट होईपर्यंत दाबतच राहतं, म्हणून आक्रसल्याची भरपाई होते. तरी सहदेव आणि यंत्र यांच्यातला फरक कागदाच्या जाडीपेक्षा कमी.

अनुप फोनवर म्हणाला, "म्हणजे यंत्रच ना?"

"एवढ्यावरून म्हणता येणार नाही."

"मग कशावरून येईल ते शोध."

२४ जून

सापडलं.

साचा बोलत नाही, माणूस बोलतो. कवळी बसली की नाही हे तोंडातच कळलं पाहिजे. इंग्रजी पुस्तकं त्यासाठी 'स' वापरतात. पण आपल्याकडे ळ आहे. जीभ मागे वळते आणि टाळूला नेमकी तिथे लागते, जिथे कवळी जाड असते आणि उचलली जाते. बसवणूक बिघडली की सगळ्यात आधी ळ बिघडणार.

दहा चित्रं छापून घेतली. कावळा, केळं, डाळ, गूळ, डोळा, फळा, बाभूळ, कमळ, पोळी, माळ. चित्र दाखवायचं, रुग्णाने नाव सांगायचं. स्वच्छ ळ, एक गुण. वाचता येत नसेल तरी अडणार नाही.

पुस्तकात ळ नाही. कुणी वापरलेला नाही. तो माझा.

३ जुलै, अकोला

यंत्राच्या कवळ्यांची चाचणी. आठ रुग्ण. निवृत्त शिक्षक, बँकेतले, एक वकील, एक संस्कृतच्या प्राध्यापिका. गुण: ९, १०, ८, १०, ९, १०, ९, १०.

महादेवराव निवृत्त मुख्याध्यापक आहेत. खुर्चीत ताठ बसले आणि चित्रं अशी वाचली की जणू समोर वर्ग आहे. "कमळ. बाभूळ. अजून विचारा, डॉक्टर. सुळसुळीत गुळगुळीत वेळूचे बन." सगळे हसले. यंत्र चालवणारा पियुष दारात उभा होता. त्याची छाती फुगली.

एक विसंगती. जाताना ते बाहेर बायकोशी फोनवर बोलत होते. "निघालोच. थोडा वेय लागन. तू जेवून घे, माह्यासाठी दाय ठेवजो." दोन्ही ळ गेलेले. कवळी दहा मिनिटांत सैल पडते का? थकल्यावर जीभ ढिली होते? पुढच्या वेळी दहा मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्यावी.

१० जुलै, दर्यापूर

सहदेवच्या कवळ्या घालणारे बहुतेक या भागातले, म्हणून शिबिर इथे घेतलं. ज्याला जो दवाखाना जवळ, त्याची तिथे नोंद. निवड मी केलेली नाही, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्न येत नाही.

सात रुग्ण. शेतकरी, भाजीवाले. निकाल धक्कादायक.

गंगूबाई, बासष्ट, बाजारात भाजी विकते. जसं ऐकलं तसं लिहिलं आहे: "कावया. केयं. दाय. गूय. डोया." शून्य. जानराव, सत्तर, एक. बाकीचे शून्य ते दोन.

कवळी मात्र ओढली तरी निघेना. गंगूबाईने माझा हात बाजूला केला. "ओढू नका, बाई! मोठ्या मुश्कीलीनं बसली. मी कणीस खाऊन रायली हिच्यानं. मेथी, पालक वरडतो तं चौकापावतर आवाज जाते."

"पण बोलणं अस्पष्ट येतंय."

"कोनाले?" ती म्हणाली आणि जानरावकडे पाहून हसली. "याच्या म्हशीले बी समजते माहं बोलनं."

"म्हशीलेच समजते," जानराव म्हणाला.

सहदेव शिबिराला सोबत होता. मी गुण मांडत होते तेव्हा शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "ते कवळीनं नाही होत, मॅडम."

आपल्या कामाची बाजू कोण घेणार नाही? मी म्हटलं, "सहदेव, माझ्याकडे आकडे आहेत." तो कवळ्यांचे डबे आवरायला गेला. परतताना जीपमध्ये मागच्या सीटवर जाऊन बसला.

वाईट वाटलं. पण वाईट वाटणं हा पुरावा नव्हे.

१७ जुलै

सहदेवला संधी द्यायची ठरवली. टाळू जाड आहे म्हणून जिभेला जागा नाही, असं असू शकतं. गंगूबाईची कवळी मागवून घेतली. त्याला म्हटलं, टाळू घासून सव्वा मिलिमीटरवर आण.

"दोनच्या खाली जाऊ नका."

"मी सांगतेय म्हणून कर."

"पातळ कराले मले काय लागते? चाक लावलं का झालं. पण घासताना ते तापते. तापलं का पुन्हा वाकते. अन् हे ज्वारीची भाकर खाणारं तोंड आहे, मॅडम. दह्यावरचं नाही."

घासली. मधेमधे पाण्यात बुडवत, थांबत थांबत, पाऊण तास लावला. एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं. मला दाखवण्यासाठी असावं.

२१ जुलै

गंगूबाईची फट आधी ०.१५ होती, आता ०.३४. चाचणी: "कावया. केयं." शून्य.

पातळ करूनही ळ येत नाही, म्हणजे दोष अधिक खोल आहे. अजून घासायला सांगितली. सहदेवने कवळी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "हे तुमच्या हातानं करा." मी केली. मला चाक नीट चालवता येत नाही.

९ ऑगस्ट

गंगूबाईची कवळी मोडली. बरोबर मधून, दोन तुकडे, भाकर खाताना. कडेने ओठ कापला. रुमालात गुंडाळून घेऊन आली होती.

"पयली ब्येस होती," ती म्हणाली. "तुमाले काहून पाह्यजे होती वापस?"

मी सांगितलं की कवळी बनवतानाच दोष राहिला होता, आता यंत्रावर नवीन करून देऊ.

सहदेवने दोन्ही तुकडे हातात घेतले, जुळवून पाहिले, परत रुमालात ठेवले.

१२ ऑगस्ट

अहवाल दिला. बसवणुकीच्या मोजमापात किरकोळ फरक. उच्चाराच्या कसोटीत यंत्राची पद्धत निर्विवाद सरस: सरासरी ९.४ विरुद्ध ०.७. हाताच्या पद्धतीत एक कवळी भंगली. सही केली.

अनुप म्हणाला, "झकास. असं काहीतरी हवंच होतं."

'असं काहीतरी' म्हणजे काय ते विचारलं नाही.

१ सप्टेंबर

मागची खोली रिकामी झाली. पितळी फ्लास्क भंगारवाल्याने पोत्यात भरले. प्लास्टरचा थर धुऊनही निघाला नव्हता, त्यावरून तो वजनात घासाघीस करत होता. सहदेव टाकी पुसत होता. जी टाकी आता कुणी वापरणार नाही, ती.

जाताना म्हणाला, "दंडवत, मॅडम." नेहमीसारखंच.

ड्रॉवरमध्ये पोलादी पट्ट्या राहिल्या.

१८ सप्टेंबर

दर्यापूरच्या सहा जणांना यंत्राच्या नव्या कवळ्या दिल्या. आज चाचणी. गुण: ०, १, ०, ०, २, १.

यंत्रात बिघाड असणार. पियुषला फोन केला.

"मॅडम, दाब बरोबर आहे, तापमान बरोबर आहे. फट मी स्वतः मोजली, ०.११."

"मग ळ का जातोय?"

"म्हणजे... दर्यापूरच्या लोकांचा जातोय?"

"हो."

"अकोल्यात पुन्हा करून पाहू का?" तो म्हणाला. आवाजात काहीतरी होतं. हसू दाबल्यासारखं.

२५ सप्टेंबर

गंगूबाई नवी कवळी घालून आली. सोबत सून, आकांक्षा, सव्वीस वर्षांची. गंगूबाईच्या ओठावर कापल्याची पांढरी रेघ राहिली आहे.

कावळ्याचं चित्र धरलं. "कावया."

"पुन्हा. जीभ मागे वळवा. का-व-ळा."

"कावया."

"ळा. नीट ऐका. ळा."

"या," गंगूबाई म्हणाली. घाम आला होता तिला. परीक्षेला बसल्यासारखी दोन्ही हात मांडीवर.

आकांक्षा पुढे झाली. "अवं आत्याबाई, नीट बोला नं! मॅडम सांगून रायल्या कावया, अन् तुमी म्हनता कावया. कावया म्हना!"

मी तिला खुर्चीत बसवलं. तोंड उघडायला लावलं. दिवा धरून मोजले. बत्तीस. एक कीड नाही, एक भरणं नाही.

"मले काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही. हे काय आहे?"

"डोया."

गंगूबाई म्हणाली, "माहा बाप बी असाच बोले, बाई. मसनात जाईपावतर त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. तुमी थे दातात पाहून रायल्या काय?" आणि मग, माझ्याकडे पाहून, हळूच, "बाप्पा."

२६ सप्टेंबर

महादेवरावांची कवळी सैल पडली नव्हती. ते बायकोशी बोलत होते.

६ ऑक्टोबर

अनुपला सांगितलं. अकोल्याचे रुग्ण डॉक्टरांसमोर पुस्तकी बोलतात, दर्यापूरचे बोलत नाहीत. मी कवळ्या नाही, शाळा मोजल्या. एवढं सांगायला मला दहा दिवस लागले.

तो हसला. मनापासून. "अगं, आमच्या इकडे ळ असतो कुठे? माझी आजी मरेपर्यंत डोयाच म्हणायची. मला पण हॉस्टेलवर पोरांनी चिडवून चिडवून शिकवला."

"तुला माहीत होतं?"

"तुझी चित्रं पाहिली तेव्हाच."

"आणि बोलला नाहीस."

"तू तज्ज्ञ. मला वाटलं, काहीतरी खोल असेल." तो पाणी प्यायला. "हे बघ, यंत्र यायचंच होतं. वडिलांचा माणूस. मी काढला असता तर गावभर झालं असतं. अहवालाने काढला."

"मी अहवाल मागे घेते."

"घे. फ्लास्क कुठून आणशील?"

अहवालातला उच्चाराचा रकाना काढून टाकला. नवी प्रत त्याला पाठवली. निष्कर्ष होता तसाच राहतो, यंत्राची फट ०.०४ने कमी आहे. कुणी काही विचारलं नाही.

१७ ऑक्टोबर

पट्ट्या परत द्यायच्या निमित्ताने सहदेवभाऊंच्या गावी गेले, रिद्धपूरजवळ. दिवाळीसाठी झेंडू तोडणं चाललं होतं. ते ओळीत वाकलेले होते. मला पाहून उठले, हात झटकले. "दंडवत, मॅडम. उन्हात काहून उभ्या?"

बांधावर बसलो. गालात काहीतरी होतंच.

"खर्रा कमी करा," मी म्हटलं.

"कोनता खर्रा?" त्यांनी गालातून काडी काढून दाखवली. ज्येष्ठमध. "पावडरीनं घसा धरते. आता पावडर नाई, पन आदत हाय. आमी महानुभाव, मॅडम. म्हनून तं दंडवत म्हनतो. उपदेश घेतला तवापासून सुपारी बी तोंडात नाई."

मी सगळं सांगितलं. चित्रं, गुण, आकांक्षाचे दात. ते ऐकत होते. मधेच एक फूल उचलून त्याचा देठ खुडला.

"मले मालूम होतं," ते म्हणाले.

"अनुपशी बोलते. परत या. कुठून तरी फ्लास्क आणू."

"बोटं आता मातीत गेले. पिठाचं समजाचं नाई." थांबून म्हणाले, "गंगूबाईची पयली किती होती?"

"शून्य पूर्णांक पंधरा."

मान हलवली. एवढंच त्यांना हवं असावं. पट्ट्या घेतल्या नाहीत. "तुमच्या जवय राहू द्या. थ्या मशीनीचं बी मोजत जा."

उठताना मी विचारलं, "माहीत होतं तर तेव्हाच का नाही बोललात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"बोललो होतो. दर्यापुरात. तुमी लिवून घेतलं."

घरी येऊन ही वही उघडली. १० जुलै. आहे. माझ्याच अक्षरात. "ते कवळीनं नाही होत, मॅडम."

ते असं म्हणाले नव्हते. आता कानात नीट ऐकू येतं: थे कवयीनं नाई होत. मले, तुमाले, काहून, सगळं त्यांचं मी जपून ठेवलं आहे, गंमत म्हणून. १२ जूनपासून प्रत्येक पान पाहिलं. टाळू, पोळी, वेळ, पातळ, कवळी.

ळ तेवढा माझा.